शेऱ्याचा रकाना

कोटीसेऱ्याला, भागीरथीच्या काठावर
पाणी मोजायची चौकी आहे. पत्र्याची एक खोली,
तिथून खाली उतरत गेलेले सात खांब,
खांबांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, आकडे.
पितांबर डंगवाल एकवीस वर्षं
पावसाळ्यात दर तासाला पायऱ्या उतरतो,
बॅटरीचा झोत धरतो,
पाणी खांबाला जिथं शिवतं तो आकडा वहीत लिहितो,
खाली कार्बन.
मग वायरलेसवर सांगतो, आवाज न चढवता.

वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना.
एकवीस वर्षं जवळजवळ कोराच.
एकदाच लिहिलं होतं: 'गाय वाहत गेली, जिवंत.'
वरून तांबड्या शाईत प्रश्न आला:
'कोणाची?'

आश्रमातले स्वामी कधीमधी चहाला येतात.
म्हणतात, डंगवालजी, हेच तर सगळं.
देह वाहतो, मन वाहतं,
आणि तुम्ही खांब.
पाणी चढतं, उतरतं, खांब नुसता जाणतो.
साक्षी म्हणतात तो हाच.
पितांबर मान डोलावतो, आलं ठेचतो.
खांब दर दिवाळीनंतर रंगवावे लागतात,
तीन नंबरचा तर एका श्रावणात मुळासकट गेला,
नवा रोवलाय,
हे तो बोलत नाही. पाहुण्याला कशाला.

खालच्या वळणावर त्याचं घर.
बांधलं तेव्हाच त्यानं दोरी लावून पाहिलं होतं
उंबरा कितव्या आकड्याला येतो ते.
सतेश्वरीला सांगितलं नाही.
असे आकडे बायकोला सांगायचे नसतात,
फक्त पाठ असायचे असतात.

त्या रात्री दोन वाजता
नदीचा आवाज थांबला.
म्हणजे एवढा वाढला
की ऐकायला बाजूला काही उरलं नाही.
चार खांब बुडालेले. पाचव्यावर झोत धरला
तर समोर त्याचा उंबरा.
आकड्यात.

एक पितांबर तेव्हाच धावत सुटला
वळणाकडे, अनवाणी, बायकोच्या नावानं ओरडत.
एक पितांबर खोलीत बसून लिहीत होता.
हात असा थरथरला की सातचा एक झाला;
खोडला, वर पुन्हा सात काढला.
तिसरा वायरलेसवर किंचाळत होता,
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
पाय तर जागचे हललेच नव्हते.

आणि हे तिघे
कशात तरी दिसत होते.
बॅटरीच्या उजेडात नव्हे, ती दारात पडली होती, विझून.
ते जे होतं
ते घाईत नव्हतं, पण थंडही नव्हतं.
त्याला सतेश्वरी परकी नव्हती.
त्याला नदीही परकी नव्हती, हे वाईट.
पितांबरला वाटलं, हा मी नाही.
लगेच वाटलं, मग याच्याहून जवळचं
माझ्यात आहे तरी काय?
तेवढ्यात तीन वाजले. तो पायऱ्या उतरला.

सकाळी कळलं, माणसं वरच्या शाळेत आहेत,
शेळ्या आहेत, सासूची पेटीसुद्धा आहे.
घर नाही.
सतेश्वरी त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही.
नवव्या दिवशी म्हणाली,
तुला माहीत होतं, कुठवर येणार ते.
तो हो म्हणाला. आणखी काही सुचलं नाही.

तपासणीला आलेल्या साहेबांनी
वहीतल्या सातवर बोट ठेवलं:
ही खाडाखोड कसली?
पितांबरनं पेन मागून घेतलं
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
'हात थरथरला. दिसला.'

स्वामी परवा आले. चहा झाला.
पितांबरनं विचारलं, महाराज,
ज्याला थरथर दिसली
तो थरथरत होता का?
स्वामींनी पेला खाली ठेवला.
बराच वेळ खांबांकडे पाहत राहिले.
तीन उघडे पडलेत, चौथ्याच्या गळ्यापर्यंत गाळ.

नऊ वाजत आले होते.
पितांबर चप्पल शोधू लागला.